‘मे आय गो टू टॉयलेट?’ : परवानगीच्या इंग्रजीची समीक्षा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय वाचून काही जण हसले असतील, काहींनी घरी सांगितलाही नसेल. समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कविता येते, कादंबरी येते, फार तर नाटक येतं. पण आज ज्या मजकुराची समीक्षा आम्ही करणार आहोत, तो आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाठ केलाय. स्पोकन इंग्लिशच्या पुस्तिकेत, क्लासच्या झेरॉक्समध्ये आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओत एक यादी हमखास असते. टॉयलेटला जायचं असेल तर इंग्रजीत सभ्यपणे कसं विचारावं, याची दहा वाक्यं. आम्ही भाषा शिकवणारी माणसं. ही यादी आम्हीही वर्गात वाटलेली आहे. म्हणून एखाद्या लेखकाचं किंवा क्लासचं नाव घेणार नाही. अख्खा प्रकारच तपासायचा आहे.

यादी साधारण अशी असते. पहिलं वाक्य, ‘मे आय गो टू टॉयलेट?’ मग सूचना येते, की ‘टॉयलेट’ जरा उघडं वाटतं, त्याऐवजी ‘वॉशरूम’ म्हणा. अमेरिकेत ‘रेस्टरूम’ किंवा ‘बाथरूम’ म्हणा. इंग्लंडमध्ये ‘लू’ चालेल. मुलींनी ‘आय नीड टू पावडर माय नोज’ म्हणावं, हेही काही जुन्या पुस्तिकांत सापडतं. आता सोलापूरच्या उन्हात नाकाला पावडर लावायला कुणी उठली, तर वर्गात काय होईल ते तुम्हीच ठरवा. (हशा)

यादीचा सगळा जोर नामावर आहे. जागेचं नाव बदला, म्हणजे तुम्ही सभ्य झालात. आमचा पहिला आक्षेप इथेच आहे.

‘टॉयलेट’ हा शब्द आला कुठून? फ्रेंच भाषेत ‘त्वाल’ म्हणजे कापड. त्यावरून ‘त्वालेत’ म्हणजे छोटं कापड, शृंगाराच्या मेजावर अंथरायचं. पुढे तो नटण्यामुरडण्याचा शब्द झाला, मग त्या खोलीचा, आणि शेवटी आज जो अर्थ आहे तो. ‘लॅव्हेटरी’ म्हणजे मुळात धुण्याची जागा. विमानात अजूनही तोच शब्द लिहिलेला असतो. ‘प्रिव्ही’ म्हणजे खाजगी. ‘रेस्टरूम’मध्ये कुणी विश्रांती घेत नाही. म्हणजे यादी ज्या शब्दाला उघडा म्हणते, तो मुळात झाकणारा शब्दच होता. वापरून वापरून त्याला वास लागला, म्हणून नवा शब्द आणला. तोही काही वर्षांनी तसाच होणार. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘युफेमिझम ट्रेडमिल’ असं नाव दिलंय. जिममधल्या पट्ट्यावर माणूस धावत राहतो आणि तिथेच असतो, तसं.

याहून गंमत पुढे आहे. १९५४ साली ॲलन रॉस नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या उच्चवर्गाच्या बोलण्यावर एक निबंध लिहिला. नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने तो विषय लोकांपर्यंत नेला. त्यात असं दिसलं, की खानदानी लोक ‘लॅव्हेटरी’ म्हणतात किंवा ‘लू’ म्हणतात. ‘टॉयलेट’ हा शब्द वापरतो तो मध्यमवर्ग, ज्याला वरचं दिसायचं असतं. म्हणजे जो शब्द शिष्ट म्हणून उचलला, त्यानेच माणूस ओळखू आला. आता आपल्याकडे बघा. ‘टॉयलेट’चं ‘वॉशरूम’ कुणी केलं? मॉल आले, कॉर्पोरेट ऑफिसं आली, आणि आपण तो शब्द नव्या बुटासारखा पायात चढवला. चावतोय, पण घालायचाच.

दुसरा आक्षेप असा, की झाकून बोलणं इंग्रजीनेच शिकवलं अशी या यादीची समजूत आहे. आपल्या शहराकडे पाहिलं की ती टिकत नाही.

सोलापूरच्या एका वर्गात मराठी घरचं पोर असतं, पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं असतं, अक्कलकोटकडचं कन्नड बोलणारं असतं, दख्खनी उर्दू बोलणारं असतं. मराठीत पोर म्हणतं, ‘एक नंबरला जाऊ का?’ कन्नडमध्ये ‘ओंदक्के’, म्हणजे एकाला, आणि ‘एरडक्के’, म्हणजे दोनाला. तेलुगूत ‘ओंटिकि’, तोही एकाचाच हिशोब. दुसऱ्यासाठी ‘दोड्डिकि’, आणि दोड्डि म्हणजे गुरांचं, घरामागचं आवार. आता आपलं जुनं ‘परसाकडे जाणं’ आठवा. परस म्हणजे घरामागचीच जागा. दख्खनीतला ‘पायखाना’ फारसीतून आला, शब्दशः पायाचं घर. भाषा वेगळ्या, कुळं वेगळी, आणि खुबी एकच. आकडा सांगायचा नाहीतर दिशा सांगायची.

संस्कृताच्या वळणाने गेलेली मराठी तर आणखी नाजूक. ‘लघुशंका’. शंका, आणि तीही लहान! ‘शौच’ या शब्दाचा अर्थच मुळी शुद्धी. जुन्या मंडळींचं ‘बहिर्दिशेस जाणं’ आठवा, बाहेरच्या दिशेला. आणि या सगळ्यांच्या वरचढ म्हणजे करंगळी. शाळेत पोर नुसती करंगळी वर करतं. ना नाम, ना क्रियापद, ना व्याकरणाची चूक. मास्तर फळ्याकडून वळून मान हलवतात आणि धडा चालू राहतो. इतकं सभ्य वाक्य आम्हाला इंग्रजीच्या कुठल्याही यादीत सापडलेलं नाही.

आता मराठीनेही इंग्रजी शब्दांचा पडदा घेतलाय, आणि तो आपल्या पद्धतीने शिवलाय. आपल्याकडे ‘बाथरूम लागते’. बाळ ‘बाथरूम करतं’. जागेचं नाव क्रियेला बसलं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘टॉयलेट साफ होतंय का?’ आणि पेशंट सांगतो, ‘होय, रोज ब्रश मारतो.’ (हशा) हा विनोद जुना आहे, पण भाषेची अडचण खरी आहे. डॉक्टरपुढेसुद्धा खरा शब्द तोंडात येत नाही. ‘मोशन’, ‘युरिन’, ‘लॅट्रिन’ ही आपल्यासाठी इंग्रजी कमी आणि पदर जास्त.

आणि ‘फ्रेश होऊन येतो’ हे तर आता पक्कं मराठी झालंय. पण तेच इंग्रजीत नेऊन कुणी ‘आय वॉन्ट टू गेट फ्रेश’ म्हटलं, तर जरा सांभाळा. इंग्रजीत कुणाशी ‘गेट फ्रेश’ होणं म्हणजे लगट करणं, आगाऊपणा करणं. तिथे ‘फ्रेशन अप’ म्हणावं लागतं. यादीत हे क्वचित असतं, आणि खरी फजिती इथेच होऊ शकते.

हे झालं नामाचं. आता क्रियापदाकडे येऊ, कारण आमच्या मते मुख्य मुद्दा तिथे आहे. ‘मे आय गो’ आणि ‘मे आय यूज’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि म्हणालात, ‘मे आय यूज युअर बाथरूम?’ इथे परवानगी कशाची मागितली? दुसऱ्याच्या मालकीच्या खोलीची. जसं पंखा लावू का विचारावं, तसं. हे समपातळीवरचं सौजन्य आहे. पण ‘मे आय गो?’ यात परवानगी मागितली जाते ती स्वतःच्या शरीराला हलवण्याची. हे वाक्य वर्गातलं आहे. विद्यार्थ्याने शिक्षकाला विचारायचं. वर्गात, परीक्षेच्या हॉलमध्ये ते योग्यच आहे, कारण पोर कुठे गेलंय हे शिक्षकाला माहीत असावं लागतं.

प्रौढ माणूस इंग्रजीत काय करतो? मीटिंगमधून उठताना म्हणतो, ‘एक्सक्यूज मी फॉर अ मिनिट.’ संपलं. कुठे चाललो ते सांगत नाही, समोरचा विचारत नाही. अनोळखी इमारतीत असेल तर म्हणतो, ‘एक्सक्यूज मी, कुड यू टेल मी व्हेअर द वॉशरूम इज?’ इथे तो वाट विचारतोय, परवानगी नाही. म्हणजे इंग्रजीत ही तीन वेगळी कामं आहेत. निरोप घेणं, वाट विचारणं, आणि परवानगी मागणं. आपली यादी या तिघांची एकच खिचडी करते, आणि शिजतं ते फक्त परवानगीचं वाक्य.

परिणाम काय होतो? सोलापुरातून पदवी घेऊन पोरगा पुण्याला मुलाखतीला जातो. सकाळच्या गाडीने उतरलेला, रिसेप्शनवर बसलेला. गरज लागते. आणि त्याच्याजवळ असलेलं एकमेव वाक्य असतं, ‘मॅम, मे आय गो टू टॉयलेट?’ रिसेप्शनवरची बाई गोंधळते. तिला वाट सांगायची होती, आणि हा तर तिला बाई समजून, वर्गातल्या बाई समजून, परवानगी मागतोय. वाक्यात व्याकरणाची म्हणावी तर ‘द’ची चूक. ती कुणी मनावर घेत नाही. खरी चूक पातळीची आहे. पंचवीस वर्षांचा माणूस तिसरीच्या बाकावर जाऊन बसला. त्याला हे वाक्य सभ्यता म्हणून शिकवलं होतं, आणि त्यातून तो शिकला वाकणं.

आणि नम्रतेचं व्याकरण दुसऱ्याला खाली दाबायलाही वापरता येतं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या शाळांत एक जुना विनोद आहे. पोर विचारतं, ‘कॅन आय गो टू द टॉयलेट?’ शिक्षक म्हणतात, ‘आय डोन्ट नो, कॅन यू?’ म्हणजे ‘कॅन’ म्हणजे क्षमता, ‘मे’ म्हणजे परवानगी, आधी ते नीट कर. पोर पाय आवळून उभं आहे आणि त्याला क्रियापदाचा धडा मिळतोय.

आपल्याकडे हा विनोद राहत नाही. २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. त्या निर्णयाला आमचा विरोध नाही. गोरगरिबाच्या पोराला इंग्रजी का मिळू नये? पण इंग्रजी माध्यमाच्या काही वर्गांत एक नियम होऊन बसला, की ‘इंग्रजीत विचारलं तरच सोडणार’. सहा वर्षांचं पोर, घरची भाषा तेलुगू, गल्लीची मराठी, आणि आणीबाणीची इंग्रजी. वाक्य आठवेपर्यंत चड्डी ओली होते. त्या पोराला इंग्रजी आलं नाही हे खरं. पण सभ्यता कुणाला आली नाही, हे आपण विचारत नाही.

आता एक जुनं पत्र घेऊ. १९०९ सालचं म्हणून प्रसिद्ध असलेलं, ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाचं, रेल्वेच्या साहेबांना लिहिलेलं. फणस खाऊन पोट फुगलेलं. अहमदपूर स्टेशनवर ते ‘प्रिव्ही’त गेले. तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर, असे धावले, आणि प्लॅटफॉर्मवर सगळ्यांच्या देखत पडले. गाडी गेली. या पत्रामुळेच डब्यांत संडास आले असं सांगितलं जातं. एवढं मोठं श्रेय एका पत्राला द्यावं की नाही, ते आपण बाजूला ठेवू. पत्र म्हणून ते वाचू.

लोक शंभर वर्षं त्या पत्राच्या इंग्रजीला हसताहेत. काळ चुकलेत, क्रियापदं घसरलीत. पण नीट बघा, त्याने नाम निवडलंय ते इंग्रजीतलं शिष्ट नाम. आणि वाक्याचं काम? तो परवानगी मागत नाही. तो तक्रार करतोय. गार्डने पाच मिनिटं थांबायला काय हरकत होती, त्याला दंड करा, नाहीतर वर्तमानपत्रांत कळवतो, असं तो साहेबाला बजावतोय, आणि खाली नम्र सेवक म्हणून सही करतोय. आमच्या मते हा मजकूर यादीतल्या दहाही वाक्यांपेक्षा सरस आहे. व्याकरण मोडकं, कणा ताठ.

गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या रेल्वे प्रवासावर लिहिलं, तेही याच जातीचं लेखन. त्यांनी वर्णन केलेला प्रवास मुंबई ते मद्रास. म्हणजे पुणे, सोलापूर, रायचूर, हीच आपली लाइन. प्रवासभर डबा झाडला नाही, संडास साफ केला नाही, टाकीत पाणी नव्हतं, हे त्यांनी सरळ लिहिलं. त्यांचं इंग्रजी अर्थातच निर्दोष होतं. पण ओखिलबाबूंचं मोडकं आणि गांधीजींचं नेटकं, दोन्ही एकच काम करतात. ‘जाऊ का?’ असं न विचारता ‘जागा कुठाय?’ असं विचारतात.

आता मराठीकडे परत येऊ, कारण इथे भाषेने एक मोठं धाडस केलंय. २००० सालीच, म्हणजे पहिलीला इंग्रजी आलं त्याच वर्षी, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. पुढच्या काळात सरकारी फलकांवर एक शब्द आला, ‘हागणदारीमुक्त गाव’. विचार करा. जो शब्द शाळेत उच्चारला तर कान लाल झाला असता, तो शासनाच्या आदेशात, ग्रामपंचायतीच्या कमानीवर, पाहुण्यांच्या स्वागताला. लघुशंका, प्रसाधनगृह, स्वच्छतागृह अशा शब्दांनी जे दिसत नव्हतं, ते या एका शब्दाने दिसलं. काम करायचं ठरवलं तेव्हा भाषेला पदर बाजूला करावा लागला.

पण त्याच मोहिमेत दुसरी गोष्टही घडली. पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला पथकं निघाली, आणि त्यांचं नाव काय ठेवलं? ‘गुड मॉर्निंग पथक’! कुठे फूल दिलं, कुठे शिट्टी मारली, कुठे दंड केला. इंग्रजीतलं सगळ्यात सभ्य अभिवादन, आणि ते वापरलं माणसाला ओशाळवाणं करायला. ज्याच्या घरी जागाच नाही, भाड्याच्या खोलीत नळ नाही, त्या बाईला पहाटे ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. एकच मोहीम, आणि त्यात असभ्य म्हटला गेलेला शब्द माणसाच्या बाजूने उभा राहिला, सभ्य शब्द त्याच्या विरुद्ध. पुढे २०१८ साली राज्य हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. संडास किती बांधले हा हिशोब त्या खात्याचा. आमच्या खात्यात एवढंच येतं, की सभ्यता शब्दात नसते, तो कुणावर आणि कशासाठी टाकला त्यात असते.

मुंबईत २०११च्या सुमारास बायकांच्या संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी चळवळ उभी केली. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल. चळवळीचं नाव ‘राइट टू पी’. नाव ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. खरं तर ‘पी’ हाही झाकलेलाच शब्द, एका उघड्या इंग्रजी शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर. पण त्यांनी बदललं ते ‘पी’च्या आधीचं. ‘मे आय’च्या जागी ‘राइट टू’ आलं. सगळी चळवळ त्या दोन शब्दांच्या अदलाबदलीत आहे.

कायद्याची भाषाही तीच बोलते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शाळेला बंधनकारक आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती सहा महिन्यांत पुरवायला सांगितली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांत स्वच्छतागृहं हवीत असा निकाल दिला, आणि त्याचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. कायद्यात ‘कृपया’ नाही. पण फलकावरचा कायदा आणि कुलूप लावलेलं दार यांच्यामध्ये मुलगी उभी असते. ती काय करते? पाणी पीत नाही. सकाळी घरून निघताना नाही, मधल्या सुट्टीत नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये. चाळीस अंशांच्या वर पारा, आणि पोरगी दिवसभर कोरडी. विडी कामगार बाया, बाजारात बसणाऱ्या बाया, बंदोबस्तावरच्या पोलीस भगिनी, सगळ्यांना हा हिशोब पाठ आहे. त्यांना ‘वॉशरूम’ म्हणायला शिकवून काय होणार? विचारायची वेळच येऊ नये, म्हणून त्या तहान मारतात. हे सगळ्यात सभ्य मौन आहे, आणि ते आपल्या लाजेचं फळ आहे.

तर मग यादी फेकून द्यायची का? नाही. आमचं म्हणणं, ती पुन्हा लिहायची. वर्गात ‘मे आय गो टू द टॉयलेट, प्लीज?’ पुरेसं आहे. ‘टॉयलेट’ म्हटल्याने कुणी असभ्य ठरत नाही. दुसऱ्याच्या घरी ‘मे आय यूज युअर बाथरूम?’ ऑफिसात, हॉटेलात ‘व्हेअर इज द वॉशरूम, प्लीज?’ बैठकीतून उठताना ‘एक्सक्यूज मी’. आणि खरंच घाई असेल तर कुठल्याही भाषेत, करंगळीनेसुद्धा.

पण यादीचा सगळ्यात मोठा दोष अजून सांगायचा राहिला. ती फक्त विचारणाऱ्याला शिकवते. उत्तर देणाऱ्याचं वाक्य कुठल्याही यादीत नसतं. दहा वाक्यं मागणाऱ्यासाठी, आणि देणाऱ्यासाठी एकही नाही. जणू सभ्यतेचं सगळं ओझं अडलेल्या माणसावरच. आम्ही ते अकरावं वाक्य यादीत घालायला सुचवतो. शिक्षकांसाठी, दुकानदारांसाठी, रिसेप्शनसाठी, पेट्रोलपंपासाठी, आपल्या सगळ्यांसाठी. इंग्रजीत, ‘येस, ऑफ कोर्स. सेकंड डोअर ऑन द लेफ्ट.’ मराठीत, ‘जा की बाळा, विचारतोस काय? तिकडं डाव्या हाताला. पाणी आहे.’

शेवटचे दोन शब्द नीट ऐका. ‘पाणी आहे.’ ते खरं असल्याशिवाय हे वाक्य कुणी पाठ करू नये.